पहिल्या भेटीचे पुस्तक

आवडता ग्रंथकार एकट्यानेच उपभोगावा असे ज्याला वाटत नाही, तो वाचक लवकरच एका अडचणीत सापडतो. त्या ग्रंथकाराची ओळख घरातील दुसऱ्या कोणास करून द्यावी अशी त्याला हौस असते. परंतु कपाटासमोर उभे राहिल्यावर कोणते पुस्तक प्रथम हाती द्यावे, हे त्याला उमगत नाही. स्वतःस सर्वांत प्रिय असलेले द्यावे, तर त्या पुस्तकाशी त्याची गाठ पडली तेव्हा त्या लेखकाच्या सहवासात त्याची दहा-पंधरा वर्षे गेलेली असतात. नवख्याजवळ तो सहवास कोठून असणार? लेखकाने आरंभी लिहिलेले द्यावे, तर पुष्कळांचे आरंभीचे लेखन म्हणजे हात बसण्यापूर्वीची अक्षरे असतात. गाजलेले, पारितोषिक मिळालेले द्यावे, तर त्यातही धोका आहेच. भाऊसाहेब खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक 'ययाति'साठी मिळाले. ही कादंबरी १९५९ सालची, म्हणजे खांडेकरांच्या साठीच्या सुमाराची. तेव्हापासून खांडेकर म्हणजे 'ययाति' असे समीकरण होऊन बसले आणि त्यांच्या लघुकथांकडे, रूपककथांकडे वळणारी पावले कमी झाली. मोठमोठ्या परदेशी ग्रंथकारांच्या बाबतीतही हीच गत आहे. टॉलस्टॉयची ओळख 'युद्ध आणि शांती'च्या जाडजूड खंडांनी करून देऊ पाहणाऱ्या हितचिंतकांमुळे कितीतरी घरांत टॉलस्टॉय कायमचा फळीवर गेला असेल. एका माणसाला जमीन किती लागते, ही त्याची १८८६ सालची लहानशी कथा आधी वाचावयास मिळती, तर तीच माणसे पुढे त्या खंडांपर्यंत आपल्या पायांनी चालत गेली असती.

सोयरीक जुळवताना पहिल्या भेटीत नकार आला, तरी मध्यस्थ पुन्हा जाऊन बोलणे लावतो. पुस्तकाच्या बाबतीत तशी सोय नाही. "त्यांचे एक वाचले होते, जमले नाही," एवढे म्हणून वाचक त्या ग्रंथकाराचे नाव जन्मभर बाजूस सारतो. देणाऱ्याची चूक लेखकाच्या खात्यावर जमा होते, हा त्यातील खरा अन्याय.

ही गोष्ट नुसत्या तत्त्वाने सांगण्यापेक्षा एक उदाहरण कल्पावे हे बरे. समजा, पुण्यातील एका गृहस्थांची भाची अध्यापनाची पदविका घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली, आणि तिला नेमणूक मिळाली ती मोखाडे तालुक्यातील, सडकेपासून दूरच्या एका पाड्यावर. मामा व्यंकटेश माडगूळकरांचे जुने भक्त. भाचीने शाळेच्या क्रमिक पुस्तकातील एखाद्या धड्यापलीकडे माडगूळकर वाचलेले नाहीत. ती जूनमध्ये रुजू होणार. तिच्या ट्रंकेत एक पुस्तक घालावे असे मामांच्या मनात आले. कोणते घालावे?

ती जेथे चालली आहे तो मुलूख प्रथम डोळ्यांपुढे आणला पाहिजे. जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढे ठाणे जिल्ह्यात राहिले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडे हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आहेत. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर वसले आहे. नाशिककडून त्र्यंबकेश्वरावरून घाटाने उतरावे, म्हणजे आधी मोखाडे लागते, मग जव्हार. वस्ती वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांची. पीक भाताचे, नागलीचे, वरईचे. पावसाळ्यात तेथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, आणि होळी उलटली की बायांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते. खालच्या वैतरणेचे पाणी धरणांत अडवून मुंबईच्या नळांना जाते. वरच्या पाड्यावरील विहिरीचा तळ मात्र उघडा पडतो. शेत एकाच हंगामाचे. म्हणून भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे दाराला कडी घालून भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर आणि अन्य कामांवर निघून जातात. पोरेही बरोबर जातात. मृगाच्या सुमारास परत येतात. शिक्षकाच्या हजेरीपत्रकात हे जाणे-येणे जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कोणत्याही कागदात दिसत नाही.

हे सारे ठाऊक असलेल्या मामांचा हात आपोआप 'बनगरवाडी'कडे गेला, यात नवल नाही. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी एका तरुण मास्तराची आहे. माणदेशातील धनगरांच्या एका वाडीवर तो शाळा चालवावयास येतो. दिवस उजाडला की बाप्ये मेंढरांमागे रानात गेलेले, वाडी सुनी, आणि शाळेत मूल नाही, कारण मुलाला कोकरे राखावयाची असतात. वाडीचा कारभारी म्हातारा, करारी. त्याच्या मनात आले तर शाळा भरणार. हळूहळू मास्तराच्या पायाखाली जमीन येते. वाडीची नाना प्रकारची कामे त्याच्या गळ्यात पडतात. कागद वाचणे, पत्र लिहिणे, भांडणात मध्ये पडणे. कधी त्याच्यावर किटाळ येते, कधी माणसे त्याच्यापासून दुरावतात. अखेर सर्वांच्या अंगमेहनतीतून वाडीत एक तालीम उभी राहते आणि औंधचे राजेसाहेब तिच्या उद्घाटनास येतात. माडगूळकर स्वतः औंध संस्थानच्या मुलखात, माडगूळ गावी, १९२७ साली जन्मले. तरुणपणी काही काळ त्यांनी शाळामास्तरकीही केली. तेव्हा हे चित्र त्यांनी दुरून पाहून काढलेले नाही. जव्हारसारख्या एके काळच्या संस्थानी मुलखात त्या राजेसाहेबांच्या स्वारीचा प्रसंग वाचणाऱ्यास तो परका वाटणार नाही.

आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे जगावयास बाहेर पडतात, वाडी ओस होते आणि मास्तरही निघतो.

मामींनी हीच गोष्ट नेमकी धरली. "अहो, पोर आधीच घर सोडून इतक्या लांब निघालीय, आणि तुम्ही तिच्या हाती ओस पडलेल्या गावाची गोष्ट देणार?"

मामा म्हणाले, "अगं, पण मास्तराचीच गोष्ट आहे ती. तिच्यासाठीच लिहिल्यासारखी."

"म्हणूनच नको म्हणते मी."

मामींनी 'बनगरवाडी' कदाचित पुरती वाचलीही नसेल. पण पुस्तक देण्याच्या शास्त्रात त्या मामांच्या पुढे आहेत हे कबूल केले पाहिजे. देणाऱ्यास विषय जुळला की सारे जुळले असे वाटते. डॉक्टराला डॉक्टराची कादंबरी द्यावी, शिक्षकाला शिक्षकाची, सुनेला सासुरवासाची, ही रीत फार प्रचारात आहे आणि ती फारशी चांगली नाही. जो धंदा दिवसभर करावयाचा त्याचेच वर्णन रात्री वाचावयास मिळाले, तर पुष्कळांना ते पुस्तक न वाटता वरिष्ठांचे परिपत्रक वाटते. शिवाय येथे तर शेवट असा की, कामाच्या पहिल्याच महिन्यात तो वाचणाऱ्या मुलीने उद्याच्या वर्गाकडे कोणत्या मनाने पाहावे?

मामांचा दुसरा विचार 'सत्तांतर'चा. १९८२ ची ही लहान कादंबरी. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तीत माणूस जवळजवळ नाहीच. वानरांच्या टोळ्या, त्यांचे हुप्पे, आणि टोळीच्या नायकपणासाठी होणारी झुंज. जाणत्यांच्या मते हे माडगूळकरांच्या उत्तम लेखनांपैकी एक, आणि ते बरोबर आहे. परंतु शहरात वाढलेल्या वाचकाला माडगूळकर अगोदर माणसांत भेटावे लागतात. माणसांकडे ते किती निवांतपणे, निवाडा न करता पाहतात हे ज्याने अनुभवले आहे, त्यालाच वानरांकडे पाहणारी त्यांची तीच नजर ओळखू येते. एरवी ते प्राणिजीवनावरील एक माहितीपर पुस्तक वाटून मिटले जाण्याचा संभव फार. 'वावटळ' १९४८ च्या जाळपोळीची. विषय असा, की वाचून होण्याआधीच घरात वाद सुरू होतो. 'करुणाष्टक' आईची आणि तिच्या आठ लेकरांची कहाणी; घरापासून प्रथमच दूर राहणाऱ्या मुलीला ती देणे म्हणजे मामींच्या आक्षेपाला दुप्पट बळ देणे होय.

उरले ते 'माणदेशी माणसं'. आपल्या मते पहिल्या भेटीस हेच योग्य, असे मामांनी शेवटी ठरविले, आणि त्यांचा निर्णय उचलून धरावा असाच आहे. १९४९ साली हे पुस्तक निघाले तेव्हा लेखकाने पंचविशीही गाठली नव्हती. म्हणजे आरंभीचे पुस्तक देऊ नये, हा जो नियम वर सांगितला, त्याला येथे अपवाद झाला. तो होण्यासारखाच आहे. हात बसण्यास काही जणांना वर्षे लागतात; माडगूळकरांचा हात पहिल्या खेपेसच बसला. पुस्तकात एकेका माणसाचे एकेक चित्र आहे, प्रत्येक स्वतंत्र आणि आटोपशीर. दिवसभर दोन-तीन इयत्ता एका खोलीत शिकवून, पोषण आहाराचा तांदूळ मोजून, माहितीचे तक्ते भरून थकलेल्या शिक्षिकेस निजण्यापूर्वी एक चित्र पुरे होते. पाऊस लागला, दिवे गेले, तरी कथेचा धागा तुटत नाही; चार दिवसांनी दुसरे माणूस काढून वाचता येते. त्यात 'झेल्या' नावाचे एका शाळकरी पोराचे चित्र आहे, तेव्हा मामांची शिक्षकाच्या गोष्टीची हौसही थोडी भागते. पण झेल्या हा शेजारी बसलेल्या अनेकांतील एक आहे. त्याच्या आजूबाजूला इतकी निरनिराळी माणसे आहेत की, वाचणारीला आपल्याला काही शिकविले जात आहे अशी शंका येत नाही.

आणखी एक गुण आहे, तो नभोवाणीच्या श्रोत्यांस विशेष पटेल. माडगूळकरांनी पुढे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम कितीतरी वर्षे केले. त्यांचे गद्य आधीपासूनच कानाला लागणारे. वाक्ये लहान, विशेषणे बेताची, आणि बोलणारा माणूस आपल्या बोलीत बोलतो. असे लेखन मोठ्याने वाचता येते. खोलीवर दुसरी एखादी शिक्षिका सोबतीस असली, तर एकीने वाचावे, दुसरीने भाकरी थापता थापता ऐकावे. ज्या पुस्तकाला ऐकणारा मिळू शकतो ते पहिल्या भेटीस अधिक सोयीचे.

भाचीचा प्रश्न एवढ्याने मिटला. पण तिच्याबरोबर आणखी एक वाचक उभा आहे. त्याचा विचार शहरातील घरांत क्वचितच नीट होतो.

तालुक्यातील एखाद्या आश्रमशाळेत आठवीत शिकणारा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. आदिवासी मुलांसाठी निवासाच्या सोयीसह चालणाऱ्या या शाळा. त्यांच्या कारभारासाठी जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. मुलाच्या घरची भाषा वारली, नाहीतर कोकणी किंवा ठाकरी. ग्रंथांची मराठी तो शाळेतच शिकला. अशा शाळांसाठी शहरांतील घरांतून पुस्तकांच्या पेट्या जातात, आणि हेतू चांगलाच असतो. पण पेटी उघडली म्हणजे कधी त्यातून जुन्या परीक्षांची मार्गदर्शके, पाने गळालेले दिवाळी अंक आणि मुंबईच्या मुलांनी टाकून दिलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तके निघतात. ज्या घरात मुलीसाठी एक पुस्तक निवडण्यात दोन दिवस गेले, त्याच घरातून रद्दीवाल्याच्या वाटेवरील गठ्ठा आश्रमशाळेकडे वळविला जातो, ही विसंगती लक्षात येऊ नये याचे आश्चर्य वाटते.

या मुलाला माडगूळकर द्यावयाचे झाले तर कोणते द्यावे? 'माणदेशी माणसं' येथे तितके सोपे नाही. पुस्तकी मराठी ही ज्याला आधीच दुसरी भाषा, त्याच्यापुढे माणदेशी बोलीतील संवाद ठेवले म्हणजे ती तिसरी झाली. डोंगराळ, ओल्या मुलखातील मुलाला त्या कोरड्या माळावरचे पुष्कळ संदर्भही समजावून सांगावे लागतील. आणि येथेच मामांनी भाचीसाठी बाजूला ठेवलेले 'सत्तांतर' पुन्हा हाती घ्यावेसे वाटते. त्यातील पात्रे बोलत नाहीत, म्हणून बोलीची अडचण नाही. निवेदन साधे, प्रमाण मराठीत. पुस्तक लहान. आणि विषय असा की, तेथे मुलगा शिकाऊ नसून जाणता आहे. पुण्याच्या मामांनी वानर पाहिला तो देवळाच्या कळसावर किंवा घाटात मोटार थांबली तेव्हा. या मुलाने वानरांना शेतातून हाकलले असेल. हुप्प्याचा आवाज, टोळीचा पहारा, पिलाला पोटाशी धरून माद्यांची उडी, हे त्याला शब्दांतून कल्पावे लागत नाही. तो लेखकाचे म्हणणे पारखून पाहील. एखाद्या पानावर "हे बरोबर लिहिलेय" म्हणेल, एखाद्यावर मान हलवील. आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तकापुढे तो परीक्षकाच्या जागी बसेल. जे पुस्तक शहरी वाचकासाठी तिसरे किंवा चौथे, तेच येथे पहिले ठरते.

उलट दिशेचा प्रश्न, म्हणजे हा आदिवासी मुलूख शहरी घराला कोणत्या पुस्तकाने दाखवावा, हा मात्र फार सोपा आहे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली जो लढा सुरू झाला त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली. ते १९७० साली निघाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. डहाणूकडील कोसबाडच्या बालशिक्षणाच्या कार्याविषयी वाचावयाचे असेल तर अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' आहे. त्यांत निवडानिवड करण्याचे कारण पडत नाही.

आता पुस्तक देण्याच्या रीतीविषयी दोन शब्द. मामांजवळ 'माणदेशी माणसं'ची जुनी प्रत आहे. तिच्यावर शिसपेन्सिलीने रेघा ओढलेल्या, समासात "वाहवा" लिहिलेले. ती प्रत भाचीस देण्याचा मोह त्यांना होईल. तो त्यांनी आवरावा. रेघ ओढलेले वाक्य वाचताना रेघ ओढणारा पाठीमागे उभा राहतो. नवी प्रत घ्यावी. तिची किंमत एका वेळच्या उपाहारगृहातील खर्चापेक्षा अधिक पडत नाही. पहिल्या पानावर उपदेश लिहू नये; नाव आणि तारीख पुरे. "हे फार सुंदर आहे, वाचलेच पाहिजेस" असे म्हणू नये, कारण तसे म्हटले की न आवडण्याची मोकळीक उरत नाही, आणि ती नसेल तर आवडण्यालाही अर्थ राहत नाही. दर रविवारी दूरध्वनीवर बोलताना "कुठपर्यंत आलीस?" असे तर मुळीच विचारू नये. जव्हार-मोखाड्याच्या पावसात कागदाला बुरशी धरते. तेव्हा प्लॅस्टिकची एक जाड पिशवी बरोबर द्यावी आणि पुस्तक कपड्यांच्या घडीत ठेवण्यास सांगावे. मामांनी एवढीच सूचना करावी.

दिवाळीच्या सुटीत भाची घरी येईल. पुस्तक तिच्याबरोबर नसेल. शेजारच्या केंद्रातील एखाद्या बाईंनी नेले असेल आणि त्यांच्याकडून आणखी कोणी. ते परत मागवू नये. 'सत्तांतर'ची एक प्रत आश्रमशाळेच्या त्या मुलासाठी तिच्याजवळ द्यावी. आणि 'बनगरवाडी'? जेवताना तिने आपण होऊन विचारले, "मामा, ह्यांचे आणखी काही आहे का?" तर उत्तमच. न विचारले, तरी मामींनी आता आडकाठी करू नये. जूनमध्ये त्या पुस्तकाचा शेवट तिला नुसता भीती घालणारा वाटला असता; आता पाड्यावरील माणसे तिच्या ओळखीची झाली आहेत, आणि बनगरवाडीची माणसे दुष्काळाने पांगली तरी तिच्या पाड्यावरची पावसाबरोबर परत येतात, हा फरक वाचताना तिचा तिलाच दिसेल. ती निघण्याच्या आदल्या रात्री मामांनी पुस्तक तिच्या पिशवीत घालावे. सुटीनंतर शाळा उघडेल त्या पहिल्या सोमवारी हजेरी घेताना वर्गात किती मुले उरली आहेत, हे तिला कळणार आहे.